मरुभूमीच्या वाटेवर

(राजस्थानच्या पश्चिम भागात थरचे वाळवंट पसरले आहे. जोधपूरहून जैसलमेरपर्यंत आणि तेथून पुढे सम येथील वाळूच्या टेकड्यांपर्यंत मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाला निसर्गाचे व मनुष्याच्या कर्तृत्वाचे जे दर्शन घडते, त्याचे वर्णन प्रस्तुत पाठात केले आहे.)

जोधपूर शहराच्या उशाशी एका उंच खडकावर मेहरानगड उभा आहे. राव जोधा याने इ. स. १४५९ मध्ये या गडाचा पाया घातला. गडाच्या तटावरून पाहिले, म्हणजे खाली निळ्या घरांची दाटी दिसते आणि त्यांच्या पलीकडे, दृष्टी पोहोचेल तेथवर, फिकट पिवळी भूमी क्षितिजाला जाऊन भिडलेली दिसते. याच भूमीतून जैसलमेरची सडक जाते. नवख्या प्रवाशाच्या मनात त्या क्षणी सहज येते, की पुढे पाहण्याजोगे असे काय असणार? वाळू, ऊन आणि वारा! परंतु तीन-चार दिवसांचा प्रवास आटोपून तो परततो, तेव्हा आपला तो विचार त्याचा त्यालाच पोरकट वाटू लागतो.

पहिले आश्चर्य तर त्याच्या पायाखालीच असते. ज्या खडकावर गड उभा आहे, तो सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाला. या खडकात माती नावालाच. तरीही गडाच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर मरुभूमीतील वनस्पतींचे एक उद्यान फुलविण्यात आले आहे. पूर्वी येथे परदेशातून आणलेल्या वेड्या बाभळीचे रान माजले होते. इ. स. २००६ पासून ते मुळासकट काढण्यास आरंभ झाला. खाणीत काम करणाऱ्या अनुभवी पाथरवटांनी खडकावर छिन्नी वाजवून, तो कोठे फोडण्याजोगा आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखले आणि तेथे खड्डे खोदले. मग या प्रदेशातील मूळची झाडेझुडपे तेथे लावण्यात आली. इ. स. २०११ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. जी वनस्पती ज्या मातीची, ती तेथे थोडक्यात भागवून कशी जगते, याचा पहिला धडा प्रवाशाला येथेच मिळतो.

हा प्रदेश इतका कोरडा का झाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे अरवली पर्वताच्या रांगेला जवळजवळ समांतर वाहतात. त्यामुळे हा पर्वत त्यांना अडवू शकत नाही. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे येथवर पोहोचतात तेव्हा त्यांच्यातील बाष्प बहुतेक संपलेले असते. जोधपुरास वर्षाकाठी सुमारे ३६ सेंटिमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरास २० सेंटिमीटरही पडत नाही. मुंबईत २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे येथील पाण्याच्या थेंबाचे मोल कळून येते. असे असूनही थर हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. येथे लोक शतकानुशतके कसे नांदले, हेच या प्रवासातील खरे पाहण्याजोगे आश्चर्य होय.

जोधपुराच्या परिसरात, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, खेजडली नावाचे गाव आहे. पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी प्रवाशाने येथे अवश्य जावे. खेजडी हा येथला कल्पवृक्ष. आपण दसऱ्याला ज्या शमीचे पूजन करतो, तोच हा वृक्ष. याची मुळे जमिनीत फार खोलवर जातात. भर उन्हाळ्यात सर्व रान करपून गेले, तरी खेजडीला पालवी असते. तिचा पाला शेळ्या-उंटांना चारा होतो, तिच्या ‘सांगरी’ नावाच्या शेंगांची भाजी घरोघर होते आणि तिच्या सावलीत बाजरीचे पीकही चांगले येते.

इ. स. १७३० मध्ये मारवाडचा राजा अभयसिंह याच्या वाड्याच्या बांधकामासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवावयाच्या होत्या. त्यासाठी लाकूड आणावयास राजाची माणसे कुऱ्हाडी घेऊन या गावी आली. हे गाव बिश्नोई पंथाच्या लोकांचे. इ. स. १४८५ मध्ये जांभोजींनी स्थापन केलेल्या या पंथाचे २९ नियम आहेत, आणि हिरवे झाड न तोडणे हा त्यांतील एक. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि झाड वाचत असेल तर मस्तक देण्याचा सौदा स्वस्तच आहे, असे तिने सांगितले. कुऱ्हाड चालली. तिच्यामागून तिच्या तीन मुलींनी तसेच केले. पाहता पाहता आसपासच्या गावांतील लोक जमू लागले, आणि एकेका झाडामागे एकेक जण उभा राहिला. ३६३ माणसांनी त्या वेळी प्राण दिले. अखेर राजाने वृक्षतोड थांबविली व बिश्नोईंच्या गावांत हिरवे झाड तोडण्यास मनाई केली. खेजडलीच्या सावलीत उभा राहिलेला प्रवासी क्षणभर नि:शब्द होतो. जेथे झाडे विपुल असतात, तेथे झाडाची किंमत कोण करतो? जेथे ती मोजकीच असतात, तेथे माणसे त्यांच्यासाठी मरावयासही सिद्ध होतात.

जोधपूर सोडून मोटार उत्तरेकडे निघाली, की सुमारे ६५ किलोमीटरांवर ओसियाँ लागते. आठव्या ते बाराव्या शतकांत बांधलेली येथील देवालये शिल्पकलेचे उत्तम नमुने आहेत. गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांना सुरुवात होते. सडकेच्या दोन्ही बाजूंना आक, कैर आणि फोग यांची झुडपे, मधूनच एखादी गोल झोपड्यांची ढाणी, आणि खेजडीला मान उंचावून ओरबाडणारा उंट असे दृश्य दिसू लागते. उंटाला वाळवंटासाठीच घडविले आहे, असे वाटते. त्याचे तळवे रुंद व मऊ असल्यामुळे वाळूत रुतत नाहीत. वादळ उठले की तो नाकपुड्या मिटून घेतो. पापण्यांच्या लांब केसांमुळे त्याचे डोळे वाळूपासून सुरक्षित राहतात. त्याच्या मदारीत पाणी असते अशी अनेकांची समजूत आहे. वास्तविक तेथे चरबी साठविलेली असते.

पुढे फलोदी हे गाव येते. १९ मे २०१६ रोजी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तोवर भारतात एवढे तापमान कोठेही नोंदले गेले नव्हते. अशा या दाहक प्रदेशात हिवाळ्यात मात्र दूरदेशीचे पाहुणे येतात. फलोदीजवळच्या खीचन या गावी पहाटे गेलेल्या प्रवाशाला प्रथम आकाशातून गंभीर कलकलाट ऐकू येतो. मग रांगामागून रांगा उतरू लागतात. करड्या अंगाचे, काळ्या गळ्याचे आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा तुरा असलेले हे करकोचे मंगोलिया व मध्य आशिया येथून येतात. या भागात त्यांना ‘कुरजां’ म्हणतात. परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचवावा म्हणून मारवाडातील स्त्रिया आपल्या लोकगीतांत याच कुरजांना विनवितात. गावाने त्यांच्यासाठी कुंपण घातलेले मोठे अंगण राखले आहे. गावकरी तेथे रोज धान्य टाकतात आणि हजारो पक्षी ते टिपतात. ज्यांच्या स्वतःच्या शेतात बेताचेच पिकते, त्यांनी चालविलेले हे सदावर्त पाहून कोणाचेही मन भरून यावे. इ. स. २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळ जागेचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत करण्यात आला.

रामदेवरा येथे बाबा रामदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन मोटार पोखरणला येते. इ. स. १९७४ व १९९८ मधील अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे या गावाचे नाव सर्वश्रुत झाले आहे. पोखरणहून जैसलमेर सुमारे ११० किलोमीटर. या पट्ट्यात ‘सेवण’ नावाच्या गवताची कुरणे लागतात. गवताचे हे झुबके उडती वाळू धरून ठेवतात आणि गुराढोरांना वैरणही देतात. दिवस मावळतीस येतो, आणि दूर क्षितिजावर एकाएकी सोन्याचा ढीग ठेवावा तसा काही उंचवटा चमकू लागतो. तो जैसलमेरचा किल्ला.

इ. स. ११५६ मध्ये रावळ जैसल याने वसविलेल्या या नगराचा किल्ला, वाडे आणि मंदिरे सारी पिवळ्या वालुकाश्माची आहेत. किल्ला नुसता भग्नावशेष नाही. त्यात आजही हजारो लोक राहतात. इ. स. २०१३ मध्ये राजस्थानातील अन्य पाच किल्ल्यांसह याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. या किल्ल्याची एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. शतकानुशतके येथील स्त्रिया डोक्यावर घागरी घेऊन पाणी आणीत, आणि ते जपून वापरले जाई. पुढे नळ आले. पाणी घरात आले, तसे सांडपाणीही वाढले. ते मुरून किल्ल्याखालच्या मऊ थरांत जाऊ लागले आणि काही बुरूज ढासळले. शत्रूच्या वेढ्यांना न डगमगणाऱ्या किल्ल्याला बेहिशेबी पाण्याने पोखरले!

नगराबाहेर घडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकात रावळ घडसी याने तो बांधविला. दूरवरच्या उतारावरील पावसाचे पाणी त्यात येऊन साठावे अशी त्याची रचना आहे. नळ येण्यापूर्वी साऱ्या नगराची तहान हाच तलाव भागवीत असे. त्याच्या काठच्या घाटांवर व छत्र्यांवर कारागिरांनी जे कौशल्य वेचले आहे, ते पाहता हा नुसता पाण्याचा साठा नसून नगराचे दैवत होते, हे उमगते.

जैसलमेरहून बाडमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरांवर आकल नावाचे ठिकाण आहे. येथे उघड्या माळावर मोठमोठे ओंडके पडलेले दिसतात. त्यांवरील साल, तंतू सारे स्पष्ट असते; पण हात लावताच कळते, की हे लाकूड नसून दगड आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण व दमट हवा होती आणि घनदाट अरण्य होते. उन्मळून पडलेली झाडे गाळाखाली गाडली गेली. पाण्यात विरघळलेली खनिजे लाकडाच्या कणाकणाची जागा घेत गेली आणि वृक्षांचे पाषाण बनले. पुढे या भागावर समुद्रही आला. जैसलमेरच्या आसपासच्या कित्येक दगडांत त्या काळचे शंख-शिंपले अजून दिसतात. आज जेथे थेंबाचा दुष्काळ, तेथे एकदा अरण्य होते आणि नंतर सागर होता! ‘हे असेच होते आणि असेच राहील’ असे पृथ्वीवरील कोणत्याही भूमीविषयी म्हणता येत नाही, हे आकलचे ओंडके मुकेपणाने सांगत असतात.

जैसलमेरहून समकडे जाताना कुलधरा हे ओसाड गाव लागते. सरळ रस्ते, एकसारखी घरे, पण छपरे नाहीत आणि माणूस नाही. येथे पालीवाल ब्राह्मण राहत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हे गाव सोडले. एका दिवाणाच्या जुलमामुळे सारे गाव एका रात्रीत उठून गेले, अशी आख्यायिका सांगतात. पाणी आटत गेल्यामुळे किंवा भूकंपामुळे वस्ती हळूहळू उठली असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. ते काही असो. पालीवालांनी मागे ठेवलेली ‘खडीन’ ही विद्या मात्र आजही उपयोगी पडते. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांबलचक बांध घालावयाचा. पावसाळ्यात उतारावरून वाहत आलेले पाणी व गाळ बांधाआड साठतो. पाणी जमिनीत मुरले, की हिवाळ्यात त्याच ओलीवर गहू आणि हरभरा पेरावयाचा. जेथे २० सेंटिमीटरही पाऊस नाही, तेथे विहिरीच्या पाण्यावाचून गव्हाची शेते डोलतात!

पाण्याचा हा हिशेब येथल्या भाषेतही उतरला आहे. आकाशातून पडून वाहते ते ‘पालर’ पाणी. भूगर्भात खोल असते, व बहुधा खारे, ते ‘पाताळ’ पाणी. आणि वाळूत मुरून खालच्या खडूसारख्या घट्ट थरावर अडून राहते, ते ‘रेजाणी’ पाणी. हे तिसरे पाणी मिळविण्यासाठी अरुंद तोंडाची ‘कुई’ खोदतात. तिच्यात वाळूतील ओल थेंबाथेंबाने पाझरते आणि दिवसभरात चार-दोन घागरी पाणी जमते. तोंड अरुंद ठेवतात, कारण उन्हाने पाणी उडून जाऊ नये. पावसाचे पाणी साठविण्यासाठी ढाणीच्या अंगणातच ‘टांका’ नावाचे जमिनीखालचे टाके असते. त्याच्या भोवतालची जमीन लिंपून स्वच्छ राखतात. ढाणीतील गृहिणी भांडी कोरड्या वाळूने घासते. कोणी आंघोळ केली, तर खाली जमलेले पाणी गुरांसाठी राखून ठेवतात. परंतु दारी आलेल्या पांथस्थापुढे पाण्याचा लोटा ठेवण्यास येथे कोणी कचरत नाही. काटकसर आणि कृपणता यांतील अंतर त्या लोट्यावरून कळते.

समच्या टेकड्या जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर आहेत. सायंकाळी तेथे पोहोचावे. वाऱ्याने उचललेले वाळूचे कण उड्या मारीत टेकडीच्या सौम्य उतारावरून वर चढतात आणि माथ्यावरून पलीकडच्या तीव्र उतारावर घसरून पडतात. अशा रीतीने संबंध टेकडी कणाकणाने पुढे सरकत राहते. पाण्यावरील तरंगांसारख्या रेषा वाळूवर उमटलेल्या असतात. त्यांवरून एखाद्या भुंगेऱ्याची नाजूक पावले रेखीवपणे गेलेली दिसतात. सूर्य टेकतो, तशी वाळू पिवळी, मग केशरी, मग जांभळट होते. आणि रात्री वाळूचा ताप इतक्या झपाट्याने निवतो, की दुपारी घामाने भिजलेला प्रवासी हिवाळ्यात कांबळे पांघरून बसतो. त्या निरभ्र आकाशात तारे जितके दिसतात, तितके शहरात जन्मलेल्या मुलाने क्वचितच पाहिले असतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवासी तेथून जवळच्या राष्ट्रीय मरु उद्यानात जातो. इ. स. १९८० मध्ये स्थापन झालेले हे उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटर एवढे विस्तीर्ण आहे. नशिबाने साथ दिली, तर सेवण गवतातून डौलाने चालणारा, मीटरभर उंचीचा एक पक्षी दृष्टीस पडतो. त्याला तेथे ‘गोडावण’ म्हणतात. महाराष्ट्रात तो ‘माळढोक’ म्हणून परिचित आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानावर त्याच्यासाठी इ. स. १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन झाले होते. पण आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. साऱ्या जगात मिळून तो दीडशेहून अधिक उरला नसावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक याच मरुभूमीत आहेत. मादी वर्षात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर.

या पक्ष्यावर ओढवलेले संकट मोठे विचित्र आहे. मरुभूमीतील ऊन आणि वारा ही आता संपत्ती ठरली आहे. फलोदीच्या पलीकडे भडला येथे सुमारे ५,७०० हेक्टर जमिनीवर २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर विद्युत केंद्र उभे आहे. जैसलमेरच्या माळांवर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात. धूर न करणारी ही वीज देशाला हवीच आहे. पण ती वाहून नेणाऱ्या उंच तारा माळढोकाच्या उड्डाणमार्गात येतात. त्याची दृष्टी बाजूंना चांगली, परंतु समोरचे त्याला कमी दिसते. आणि देह जड असल्यामुळे ऐन वेळी त्याला वळता येत नाही. तारांवर आपटून कित्येक माळढोक मेले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तारा जमिनीखालून न्याव्यात किंवा त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशी चिन्हे लावावीत, असे उपाय पुढे आले. समला इ. स. २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम सुरू आहे. इ. स. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाच्या साहाय्याने एक पिलूही जन्मास आले. परंतु पिले वाढविली, तरी त्यांना सोडावयाचे कोठे? त्यांच्यासाठी गवताचा माळ आणि मोकळे आकाश शिल्लक हवे.

परतीच्या वाटेवर प्रवाशाला आणखी एक नवे दृश्य भेटते. पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून निघालेल्या इंदिरा गांधी कालव्याचे काम ३१ मार्च १९५८ रोजी सुरू झाले. सुमारे ६५० किलोमीटरांचा हा जलमार्ग थेट जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोहोचला आहे. त्याने कित्येक गावांची तहान भागविली आणि उजाड भूमीत पिके उभी केली. काही ठिकाणी मात्र पाणी बेसुमार दिल्यामुळे जमिनी चिबड व खारट झाल्या. जैसलमेरच्या किल्ल्याने जी गोष्ट सांगितली, तीच हा कालवाही सांगतो.

मोटार पुन्हा जोधपुराच्या दिशेने धावू लागते. सडकेच्या एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला खेजडीची झाडे, असे दृश्य मैलोगणती सोबत करते. एका झाडासाठी एका माणसाने मस्तक द्यावे, असा व्यवहार या भूमीत पूर्वी झाला. आज माळढोकासाठी कोणी मस्तक मागत नाही. तारेची वाट तेवढी बदलावयाची आहे. तेवढे तरी आपल्याच्याने होईल की नाही, हा प्रश्न मरुभूमी प्रत्येक प्रवाशाला विचारते. आणि त्याचे उत्तर त्याला बरोबर घेऊनच घरी जावे लागते.

शब्दार्थ

मरुभूमी – वाळवंट. ढाणी – वाळवंटातील लहान वस्ती. सदावर्त – अन्नदानाचे नित्यव्रत. वालुकाश्म – वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला दगड. आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा. पांथस्थ – वाटसरू. कृपणता – कंजूषपणा. चिबड – पाणी साचून बिघडलेली (जमीन).

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) थरच्या प्रदेशात पाऊस कमी का पडतो?
(आ) खेजडलीच्या लोकांनी वृक्षांसाठी कोणता त्याग केला?
(इ) ‘खडीन’ म्हणजे काय? तिच्यामुळे गव्हाचे पीक कसे घेता येते?
(ई) माळढोक पक्ष्यावर कोणते संकट आले आहे?

२. कारणे द्या.
(अ) कुईचे तोंड अरुंद ठेवतात.
(आ) जैसलमेरच्या किल्ल्याचे काही बुरूज ढासळले.
(इ) आकल येथील ओंडके दगडाचे आहेत.

३. ‘काटकसर आणि कृपणता यांतील अंतर त्या लोट्यावरून कळते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : मन भरून येणे, प्राण देणे, न डगमगणे, दिसेनासे होणे.

५. आपल्या गावातील एखाद्या जुन्या विहिरीची किंवा तलावाची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून ती वीस ओळींत लिहा.